झारच्या अंगाचं माप

प्रिय साव्वा,

अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकणार असशील तर त्याआधी एवढं वाच, की झार रोस्तिस्लाव गेले. आज सतरा दिवस झाले. तुमच्या तिकडच्या मिठाच्या भट्ट्यांवरही आतापर्यंत घंटा वाजून गेल्या असतील आणि लोकांनी टोप्या काढल्या असतील. तू काढलीस का, ते मला माहीत नाही. चोवीस वर्षांनी मी तुला लिहिते आहे, आणि लिहिते आहे ती ज्या माणसानं तुला तिथं धाडलं त्याच्याबद्दल, हे तुला खटकेल. पण मला दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. चाळीस वर्षं मी त्या अंगाला मापाची दोरी लावली. जे पाहिलं ते कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगण्यासारखं माणूस मला एकच होतं.

पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ते सात वर्षांचे. थोरले झार घोड्यावरून पडून गेले होते, आई त्याच्या आधीच गेलेली. राजवाड्यातल्या भरतकामाच्या खोलीत मी नुकतीच लागले होते. दोम्नामावशी आमची मुख्य. मावशी तुला आठवत असेल, तिच्या आवाजानं तोफा-घंटा ओतणाऱ्या तुमच्या ओतशाळेतले हातोडे थांबायचे. राज्याभिषेकाला बापाचा झगा घालायचा असा रिवाज, आणि तो बेतायला दिवस मिळाले चार. कलाबतूनं इतका जड झालेला होता की आम्ही दोघी मिळून उचलायचो. मावशीनं त्याला कात्री लावली नाही, आतून दुमडत दुमडत लहान केला. 'वाढतील तसा उसवत जाऊ,' म्हणाली. खालची कड माझ्याकडे होती, कारण मला फारसं वाकावं लागत नव्हतं. पोर अडखळू नये म्हणून मी कड घोट्याच्या वर घेऊन टाचण्या लावत होते, तर वरून हळूच आवाज आला, 'लांब ठेव.' मी म्हटलं, 'पडाल, महाराज.' ते म्हणाले, 'पडणार नाही. पाय थरथरतात ते दिसायला नकोत.' साव्वा, सात वर्षांचं पोर ते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये चार तास उभे राहिले. मी खांबाआडून फक्त ती कड बघत होते. ती सगळा वेळ बारीक हलत होती, आणि वर चेहरा असा, जणू दगडातून काढलाय. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला तो पुरता कधी बसलाच नाही.

मग मामांचं राज्य सुरू झालं. मामा म्हणजे सरदार ग्लेब, पोराच्या आईचा भाऊ, ज्यांच्याकडे कारभार दिला होता. ते चिखलाच्या बुटांसकट थोरल्या झारांच्या पलंगावर पाय टाकायचे आणि भाचा दाराशी उभा राहायचा. दोन वर्षं पोराला नवा अंगरखा नाही. बाह्या कोपराशी यायला लागल्या तेव्हा मावशी कापड मागायला गेली. मामांचा कारकून म्हणाला, 'पोर वाढतंय तर वाढू दे की, कापड काय झाडाला लागतं?' आणि सगळे हसले. मुलगा तिथंच होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. हसणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे सावकाश बघून घेतलं, बस्स. मावशी परत येऊन म्हणाली, 'अगाफ्या, त्या पोरानं आज तोंडं पाठ केली गं.' तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

कळला तो नाताळच्या दरबारात. ते पंधरा वर्षांचे झाले होते. महिनाभर आधी त्यांनी आपणहून आम्हाला बोलावून सांगितलं, बापाचा झगा खालून चार बोटं आणि खांद्याला तीन बोटं उसवा. त्या दिवशी मी वरच्या सज्ज्यात सुईदोरा घेऊन तयार उभी होते, एखादा मोती सुटला तर असावं म्हणून. मामा नेहमीसारखे मधल्या खुर्चीत. मुलगा आत आला, सगळ्या सरदारांमधून चालत गेला आणि अगदी साध्या आवाजात, जसं कोणी पाणी मागावं तसं म्हणाला, 'मामा, तुम्ही माझ्या खुर्चीत बसला आहात.' मामा हसायला लागले. पहारेकऱ्यांकडे बघितलं. ते पहारेकरी मामांचे, मामांच्या घरचं खाऊन मोठे झालेले. त्यांनी दोन्हीकडून मामांच्या दंडाला धरलं आणि उचलून बाहेर नेलं. त्या मुलानं त्यांना कधी वळवलं, कोणत्या शब्दांनी वळवलं, ते आजही कोणाला ठाऊक नाही. खुर्ची रिकामी झाल्यावर तो लगेच बसला नाही. जे त्या दिवशी कापडावरून हसले होते त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि ते सगळे, पांढऱ्या दाढ्यांचे, गुडघ्यांवर आले. सज्ज्यात मीही कधी गुडघ्यांवर आले ते मला कळलं नाही. मला तर कोणी बघतही नव्हतं.

पुढचं तुला माझ्याइतकंच माहीत आहे, कारण पुढं तू आलास. नदीपलीकडच्या खानाचा किल्ला घ्यायचा ठरलं आणि तुमच्या ओतशाळेत वर्षभर भट्टी विझली नाही. तोफेवर देवाचं नाव ओतायचं होतं आणि तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. म्हणून तू निशाणावरची अक्षरं उतरवून घ्यायला आमच्या दारात आलास, काळे हात पाठीमागे लपवून. मावशी म्हणाली, 'हात दाखव आधी, मगच आत ये, माझं पांढरं रेशीम आहे तिथं.' मला वाचता येत होतं ते निशाणं भरून भरून, सुईनं शिकवलेलं. मी तुला एकेक अक्षर कागदावर मोठं काढून दिलं. तू तीन दिवसांत पाच वेळा आलास. देवाचं नाव एवढं लांब नाही, हे मावशीच्याही लक्षात आलं होतं.

किल्ला पडला आणि तुम्ही परत आलात तो दिवस मला अजून तसाच दिसतो. सगळं मॉस्को रस्त्यावर. झार पांढऱ्या घोड्यावर होते, वीस वर्षांचे, अंगात बापाचा झगा, आणि त्यात आता एकही दुमड उरलेली नव्हती. म्हातारे लोक धावत जाऊन त्यांच्या रिकिबीला ओठ लावत होते. एका बाईनं आपलं तान्हं मूल वर धरलं होतं, त्याच्यावर त्यांची नजर पडावी म्हणून. आणि तू, भुवया जळालेला, आवाज बसलेला, मला कुंपणाशी गाठून बोलत सुटलास. पावसात पाच आठवडे ते तुमच्यासोबत खंदकात झोपले. मोठी तोफ चिखलात रुतली तेव्हा अंगरखा काढून स्वतः चाकाला खांदा लावला. भिंत पडली तेव्हा आधी टोपी काढून मेलेल्यांसाठी उभे राहिले, आणि मग आत गेले. 'अगाफ्या, असा माणूस पुन्हा व्हायचा नाही,' असं तू म्हणालास. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तू म्हणालास आणि मी मान हलवली. ते खरंच होतं, आणि पुढं जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही. हीच तर माझी अडचण आहे. नुसतीच भीती वाटली असती तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं.

आपलं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. राजवाड्याची परवानगी दोन वर्षांनी आली होती, मावशीनं माझ्यासाठी चादरी बाजूला काढल्या होत्या. आणि त्याच उपवासाच्या महिन्यात, मिरवणुकीत, भिक्षूच्या कपड्यातला एक माणूस झारांच्या अंगावर सुरा घेऊन धावला. सुरा खांद्यावर बसला. तिथं मी मोत्यांच्या पट्टीखाली दुहेरी अस्तर घालून कलाबतूची शिवण घट्ट ओढली होती, मोत्यांच्या वजनानं झगा ओघळू नये म्हणून. पातं त्या शिवणीत अडकलं. संध्याकाळी आम्हाला बोलावणं आलं. झग्याचा फाटका खांदा समोर टेबलावर होता. त्यांनी विचारलं, 'हा टाका कोणाचा?' मावशीला वाटलं शिक्षा होणार, ती म्हणाली, 'माझा.' मी म्हटलं, 'नाही महाराज, माझा.' त्यांनी त्या फाटक्या खांद्यावर बोट टेकलं. 'माझ्या आसपास तीनशे तलवारी होत्या,' म्हणाले, 'आणि वाचवलं ते सुईनं. आजपासून माझ्या अंगाला दोरी लावेल ती हीच बाई. दुसरं कोणी जवळ येणार नाही.' आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागे उभं राहायची परवानगी सगळ्या राज्यात मला एकटीला होती.

पण त्या सुऱ्यानं कापड फाटलं त्याहून आतलं काही जास्त फाटलं. पुढच्या वेळी माप घ्यायला गेले तर सदऱ्याखाली लोखंडी कड्यांचा कुडता. 'याच्यावरून घे,' म्हणाले, 'आता हीच माझी कातडी.' मग काळ्या कपड्यांतले त्यांचे खास घोडेस्वार आले, आणि आपलं लग्न पुढं ढकललं गेलं. मग सरदारांची घरं एकेक करून रिकामी झाली. सुरा घेऊन आलेला माणूस झारेचिन्स्कचा निघाला आणि ते सगळं शहर गुन्हेगार ठरलं. लोकांना शिक्षा झाली ती झालीच, पण झारेचिन्स्कच्या चौकातली घंटा, जिच्या आवाजावर ते गाव एकत्र जमायचं, तीही उतरवून मॉस्कोला आणली, बर्फावरून बारा घोड्यांनी ओढत. हुकूम झाला, फोडा आणि तोफा ओता.

तुझ्या गुरूनं ओतलेली घंटा होती ती. मी त्या दिवशी ओतशाळेत नव्हते, पण तुझं बोलणं तासाभरात राजवाड्यात पोहोचलं होतं. तू घण खाली ठेवलास आणि म्हणालास, 'हिनं कोणावर सुरा उचलला नाही. तोफ हवी तर दुसरं कासं द्या, रात्रंदिवस ओततो. हिला मी हात लावणार नाही.' मुकादम म्हणाला, 'साव्वा, लेका, हुकूम कोणाचा आहे ते तरी बघ.' तू म्हणालास, 'बघितला. म्हणूनच घण खाली ठेवला.' त्यांनी तुला तिथूनच नेलं. दहा दिवस तू कैद्यांच्या तळघरात होतास. अकराव्या दिवशी चौकात फाशीचा खांब उभा झाला होता, लोक जमले होते, आणि तुला त्या खांबाकडे न नेता घसरगाडीत घालून उत्तरेला पाठवलं. तुला कोणी काही सांगितलं नसणार. तुझ्या पहिल्या पत्रात होतं की देवाला दया आली.

हो, तुझी पत्रं आली. तीनही आली, मीठवाल्यांच्या होड्यांमधून. पहिल्यात तू लिहिलं होतंस की तिथं उन्हाळाभर सूर्य मावळत नाही आणि तुझं खोकणं कमी झालंय. दुसऱ्यात लिहिलं होतंस, बायकांना मागून यायची मुभा आहे, लग्न इथल्या पाद्र्यासमोर लावू. तिसऱ्यात चारच ओळी होत्या, आणि त्या मी इथं लिहीत नाही, कारण तू त्या लिहिताना किती रागात होतास ते अक्षरावरून दिसतं. अक्षर मात्र सुधारलं होतं. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल की राजवाड्यातली ऊब सोडवली नाही हिला. मीठवाला एकदा विचारूनही गेला, 'काय सांगू त्याला?' मी म्हटलं, 'काही नाही.' त्यानं माझ्याकडे असं बघितलं की आजही त्याची नजर मला आठवते.

मी लग्न केलं नाही. मावशी गेल्यावर तिची जागा मला मिळाली. आणि चोवीस वर्षं, दर ऋतूला, मी त्या खांद्यांना दोरी लावत राहिले. त्या काळात त्यांनी काय उभं केलं ते तुम्ही तिकडेही बघितलं असेल. दूरच्या टोकाचा निरोप पंधरा दिवसांत मॉस्कोला येईल असे रस्ते आणि घोडे. सगळ्या मुलखात एक वजन, एक माप, एक कायदा. परदेशचे वकील आमच्या सज्ज्याखालून आत जाताना बोलत जायचे आणि बाहेर येताना कोणीच बोलत नसायचं. आणि तेच ते, ज्यांना आपल्या पाठीमागे पावलाचा आवाज सहन व्हायचा नाही. मी येताना दारातूनच गुणगुणत यायची, म्हणजे कोण आहे ते कळावं. एकदा माझं गुणगुणणं राहिलं, तर एवढा मोठा माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता, हातात मेणबत्तीचा खांब. मला बघून म्हणाले, 'अगाफ्या, गात जा. नाहीतर एक दिवस मी तुला मारीन आणि मग मलाच वाईट वाटेल.' मी हसले. तेही हसले. त्यानंतर गुणगुणल्याशिवाय मी त्या दारातून कधी गेले नाही.

या हिवाळ्यात त्यांना सूज आली आणि मग उतरली, आणि प्रत्येक उतरण्याबरोबर माणूस कमी होत गेला. सगळे कपडे पुन्हा आत घ्यावे लागले. शेवटच्या वेळी मी बाहीचं माप घेत होते, तर अचानक म्हणाले, 'तो घंटावाला जिवंत आहे का?' चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, 'मला कसं ठाऊक असणार, महाराज?' ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जसं लहानपणी त्या सरदारांकडे बघायचे. मग म्हणाले, 'शब्द पाळलास तू. माझ्याजवळ एवढी माणसं झाली, पण शब्द पाळणारी...' आणि बोटं मोजायला लागले, आणि मधेच थांबले. मी त्याच वेळी मागितलं असतं तर कदाचित सोडलं असतं त्यांनी मला. पण मी बाहीचं माप पुन्हा घेत राहिले. तिसऱ्या दिवशी ते गेले, आणि शेवटचा कपडाही मीच बेतला. दोरी टाचेपासून कपाळापर्यंत धरली आणि माझा विश्वास बसेना, पुन्हा धरली. साव्वा, ते उंच नव्हते. माझ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं जास्त. चाळीस वर्षं आकडे माझ्याच हातात होते आणि मी मान वर करूनच बघत आले.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. तू तळघरात असताना दहाव्या दिवशी मला माप घ्यायला बोलावलं होतं. मी कड धरून खाली बसले होते, तशीच त्यांच्या पायांशी डोकं टेकलं आणि तुझा जीव मागितला. ते म्हणाले, 'ज्यानं हुकूम मोडला तो जगला तर उद्या सगळे मोडतील.' मी उठले नाही. मग म्हणाले, 'ठीक आहे, जगेल. पण मी आहे तोवर तू त्याला भेटायचं नाहीस, निरोप नाही, एक अक्षर नाही, त्याची खबरही घ्यायची नाही. आणि का, ते त्याला कळता कामा नये. कळलं त्या दिवशी तो खांब अजून तिथंच असेल.' मी विचारलं, 'माझ्यावर राग का, महाराज?' ते म्हणाले, 'राग नाही गं. जीव फुकट दिला तर मला कोणी भीत नाही.' मी हो म्हटलं. त्यानंतर तुझी जी तीन पत्रं आली, त्यांतल्या एकालाही मी उत्तर दिलं नाही म्हणून पुढचं पत्र लिहायला तू जिवंत होतास. आता नव्या झारांनी माफी जाहीर केली आहे, पण कोणीतरी नातेवाईकानं दप्तरात येऊन नाव दिलं तरच. काल मी गेले. रांगेत सकाळपासून उभी होते. कारकुनानं तुझं नाव लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, 'कोण लागता तुम्ही त्याच्या?' मी म्हटलं, 'बायको.' त्यानं तसं लिहून शिक्का मारला. तो कागद या पत्रासोबत आहे, नदीचा बर्फ फुटला की पहिल्या नावेनं तो दाखवून निघता येतं. तुझं तिथं लग्न झालं असेल, मुलंबाळं असतील, तर त्यांनाही घेऊन ये, मी दप्तरात सांगेन की 'बायको' लिहिण्यात चूक झाली. नसेल झालं, तर चूक नाही.

तुझीच,
अगाफ्या